सेंटर फॉरवर्डचा रस्सा

माझ्या ड्रीम टीमचा सेंटर फॉरवर्ड आम्ही गटारीच्या आधीच्या रविवारी दुपारी खाल्ला. चवीला चांगला होता. रस्सा जरा तिखट झाला होता, पण तो दोष खेळाडूचा नाही, आईचा.

हे वाचून ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी जरा दम धरावा. त्या दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत ज्यांना धक्के बसले, त्यांच्यापुढे तुमचा म्हणजे काहीच नाही!

गोष्ट दोन हजार दहाच्या पावसाळ्यातली. वर्ल्ड कप नुकताच संपला होता आणि जो उठतो तो ‘गेल्या दहा वर्षांतले सर्वोत्तम अकरा’ निवडत सुटला होता. पेपरवाले निवडत होते, टीव्हीवाले निवडत होते, एवढंच काय, आमचा केस कापणाराही माझ्या मानेवर वस्तरा ठेवून स्पेनचा बॅकी, म्हणजे बचाव सांभाळणारा, बरा की इटलीचा, हे विचारत होता. (अशा वेळी वस्तरा ज्याच्या हातात त्याचा बॅकी बरा.) मी म्हटलं, ब्राझील-स्पेनची काळजी करायला तिकडे माणसं आहेत. पण आपल्या पनवेल-उरणच्या खेळाडूंना कोण विचारतो? भात कापून झालं की त्याच शेतात ढेकळं फोडून मैदान करणारी, बांबूच्या गोलपोस्टमध्ये अनवाणी पायांनी गोल मारणारी आपली माणसं! आमच्याकडे क्रिकेटच्या स्पर्धेला लोक ट्रक भरून येतात. फुटबॉलला रिक्षा भरून. तीही शेअर रिक्षा! तेव्हा या दुर्लक्षित रत्नांची दहा वर्षांची ड्रीम टीम निवडायची जबाबदारी मी उचलली. कोणी दिली नव्हती. मीच उचलली.

माझा अधिकार काय, असं कोणी विचारेल. तर गावोगावच्या झाडून सगळ्या स्पर्धा मी रेषेबाहेर उभा राहून पाहिल्या होत्या आणि प्रत्येक खेळाडूला काय चुकतंय ते ओरडून सांगितलं होतं. एकानेही ऐकलं नाही, हा त्यांचा तोटा.

अकरा जण ठरले. पण संघ नुसता ठरवून भागत नाही, तो मैदानात उभा करून बघावा लागतो. आता करंज्याचा बाबल्या बोट घेऊन समुद्रात, गोली इम्तियाज कुवेतला आणि उलव्याचा पंढरी कुठल्यातरी टॉवरवर सळया बांधतोय. यांना आणू कुठून? मी परसदारी उभा राहून याच चिंतेत दात घासत होतो, तेव्हा समोरून एक कोंबडा मान खाली घालून सुसाट धावत आला, दाण्यांच्या अंगावरून तसाच पुढे गेला आणि थेट कुंपणाला धडकला. माझ्या तोंडातला ब्रश गळून पडला. हा बाबल्या! शंभर टक्के बाबल्या! अगदी अश्शीच लेफ्ट आऊटची धाव काढून तो चेंडूसकट मैदानाबाहेर जायचा!

हे कोंबडे माझ्या आत्याचे. हिराआत्या आमच्याकडेच राहते. तिला मूलबाळ नाही. तिचा सगळा जीव परसातल्या कोंबड्यांवर आणि त्यांतल्या माद्यांना ती ‘माज्या पोरी’ म्हणते. त्या वर्षी गटारीसाठी तिने खास कोंबडे वाढवले होते. श्रावण लागायच्या आधी जिभेचे सगळे लाड उरकून घ्यायचा हा आमचा सण, त्यामुळे गावठी कोंबड्याला त्या दिवशी जावयापेक्षा जास्त मान. मी मोजले. अकरा! याला योगायोग म्हणणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही.

आठवडाभरात प्रत्येकाला नाव मिळालं. खुराड्याच्या दारात पंख पसरून बसणारा आणि कोणाला आतबाहेर करू न देणारा तो इम्त्या. कोणी नुसतं जवळून गेलं तरी मान टाकून बोंब मारणारा तो पंढरी. आणि सगळ्यांत धिप्पाड, लालबुंद तुऱ्याचा, दाणा कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे उभा असणारा तो सेंटर फॉरवर्ड, गव्हाणचा विन्या! मी दाणे फेकून त्यांच्या चाली बसवायचो, आत्या पायरीवर बसून बघायची. सुरुवातीला तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, पण चार दिवसांत तीच हाका मारायला लागली, ‘‘ए विन्या, मेल्या, त्या पोरीला सोड! बाबल्या, भिंत हाय रं समोर!’’

आता खरा विन्या. म्हणजे विनायक. गव्हाणचा. बंदरात कायमची नोकरी, दिसायला देखणा आणि दोन्ही पायांनी शॉट मारणारा. यातला तिसरा गुण महत्त्वाचा, असं माझं मत. पहिला महत्त्वाचा, असं बाबांचं. आणि दुसरा महत्त्वाचा, असं माझ्या बहिणीचं, दर्शूचं! एका फायनलला मी तिला छत्री धरायला म्हणून नेलं होतं. मी ऑफसाईड बघत राहिलो आणि तिने जे बघायचं ते बघून घेतलं. पुढे वर्षभर दोघं फोनवर बोलत होती आणि मला पत्ता नव्हता. (आणि म्हणे मला खेळ वाचता येतो!)

दोन्ही घरांत गोष्ट फुटली तेव्हा विनायकची आई तयार झाली, पण अडचण होती त्याच्या मामांची. त्या घरात मामांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही आणि मामांच्या मनात दुसरीकडची एक मुलगी होती. मामांना आमच्याकडे काहीतरी खोट सापडली की संपलं! दर्शूने मला बाजूला घेऊन सांगितलं,

‘‘दादा, मला विनायकशीच लग्न करायचंय. हे जमलं नाही ना, तर मी दुसरं कोणाशी करणार नाही. जन्मभर याच घरात राहीन आणि तुझ्या बायकोला छळीन.’’

‘‘पण मला बायको कुठाय?’’

‘‘येईल तेव्हा छळीन. मला घाई नाही. तू फक्त त्या दिवशी फुटबॉलबद्दल बोलू नकोस.’’

त्यात महिना आषाढ. आषाढात सोयरिकीचं बोलायचं नाही. पण मामांना सवड तेव्हाच. यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. मुलगी बघायला यायचं नाही, ‘सहज’ यायचं! रस्त्याने जात होतो, म्हटलं डोकावून जाऊ. डोकावणारे जेवूनच जाणार हे दोन्ही बाजूंना आठ दिवस आधी माहीत असतं, पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही. विनायकचे वडील आले नाहीत. वडील आले की ते ‘सहज’ राहत नाही, त्याचा कार्यक्रम होतो!

आणि या नाटकापायी आईने आत्याला काहीच सांगितलं नाही. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत पनवेलच्या मच्छी मार्केटात पोचतं. तिला एवढंच सांगितलं की सुन्याच्या, म्हणजे माझ्या, फुटबॉलमधली माणसं जेवायला येतायत, एक बरासा कोंबडा काप. आत्या म्हणाली, ‘‘मानाची मानसं, तर कोंबडा पन मानाचा नको?’’ आणि मी झोपेतून उठायच्या आधीच तिने संघातला सर्वांत मोठा खेळाडू खेळवला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला सोडा आणायला पिटाळलं होतं. तेवढ्यात पाहुणे आले. मामा आणि विनायकची आई रिक्षाने आले, विनायक मागून बाईकवर यायचा होता, पण उलव्याजवळ तो चिखलात रुतला. तिकडे तेव्हा जिकडे तिकडे खणून ठेवलं होतं. डंपरसुद्धा रुतत होते, बाईकची काय कथा. पुढचा प्रसंग मला दर्शूने नंतर सांगितला. ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी होती. बाहेर यायची तिला बंदी होती. आईचं म्हणणं, ती माणसं सहज आलीयेत, तू बोलावण्याआधी बाहेर आलीस तर घाई दिसेल!

बैठकीत बाबा होते. पण बाबांचा उपयोग नव्हता. त्यांना कोंबड्यांची नावं माहीत नव्हती. खरं तर त्यांना घरातल्या माणसांचीही नावं एका हाकेत सापडत नाहीत. मला बोलवायचं तर ते दर्शूपासून सुरुवात करतात.

आत्या पाणी घेऊन बाहेर आली. मामा शहरी वळणाचे, गोड बोलणारे. त्यांनी सहज विचारलं, ‘‘काय आत्याबाई, तब्येत बरी ना? झोप वगैरे लागते ना नीट?’’

‘‘कसली झोप! त्या विन्यानं जीव खाल्लाय माजा!’’

मामांनी पेला खाली ठेवला. ‘‘कोण विन्या?’’

‘‘गव्हानचा विन्या! तुमी फुटबॉलमदले ना? मंग तुमाला म्हाईत नाय?’’

विनायकची आई पुढे सरकली. ‘‘काय केलान त्यानी?’’

‘‘काय करायचा ठेवलाय! पहाट झाली नाय, की हजर! अंगनात उभा रावून बोंबलतो!’’

‘‘पहाटे?’’

‘‘रोज! एक दिस चुकवत नाय!’’

विनायकच्या आईचा चेहरा पडला. तिचा मुलगा रोज पहाटे अंधारात घराबाहेर पडायचा. प्रॅक्टिसला जातो म्हणून सांगायचा!

‘‘आणि बोंबलून करतो काय?’’ मामांनी विचारलं. आवाजात काळजी होती, पण डोळ्यांत आनंद होता. न शोधताच खोट सापडली होती!

‘‘माज्या पोरींच्या मागं लागतो! दुसरा काय! गोरी म्हनू नका, काळी म्हनू नका, येक सोडली नाय मेल्यानी! आमच्या घरच्या पुऱ्या पडत नाय म्हनून शेजारच्या अंगनात शिरतो. ती बाय झाडू घेऊन धावते, तर तिच्याच अंगावर जातो!’’

बाबांनी फक्त ‘‘अं?’’ केलं. आपल्या बहिणीला पोरी नाहीत, हे त्यांना आठवेपर्यंत वेळ निघून गेली होती. पडद्यामागून दर्शू पळीने चौकट वाजवत होती. कोणाचं लक्ष नाही. आई कढईत वडे तळत होती, त्या आवाजात तिला पळी तरी ऐकू येतेय का!

‘‘आणि घरातलं कोणी काही बोलत नाही त्याला?’’

‘‘कोन बोलनार? सुन्याचा लाडका हाय ना तो! सुन्या म्हनतो, आत्या, त्याला हात लावू नको, त्याच्यासारखा दहा वर्सांत दुसरा झाला नाय!’’

नेमका याच क्षणी मी सोड्याच्या बाटल्या घेऊन आत शिरलो. ओला, धापा टाकत आणि अत्यंत प्रसन्न. माझी बहीण, माझा सेंटर फॉरवर्ड, त्याचे मामा! मी वाकून नमस्कार केला. मामांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

‘‘सुनीलराव, तुम्ही म्हणे विन्याला दहा वर्षं जवळून ओळखता?’’

‘‘दहा वर्षं! त्याची एकेक हालचाल मला पाठ आहे!’’

‘‘मग खरं सांगा. काही लपवू नका.’’

आता तुम्हीच सांगा. दहा वर्षं रेषेबाहेर घसा फोडला, कोणी ढुंकून बघितलं नाही आणि आज एक जाणता माणूस हात धरून माझं मत विचारतोय! फुटबॉलबद्दल बोलायचं नाही, ही दर्शूची ताकीद मी विसरलो. मी विचार केला, नुसती स्तुती केली तर खुशामत वाटेल. आधी दोष सांगावेत, मग गुण. म्हणजे माणूस निःपक्षपाती वाटतो.

‘‘खरं सांगू?’’ मी म्हणालो. ‘‘विन्या एकीला धरून राहत नाही.’’

(मी टीमबद्दल बोलत होतो! टीम स्त्रीलिंगी आहे, त्याला मी काय करू!)

विनायकच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ठसका लागला.

‘‘आज गव्हाण, उद्या उलवे, परवा करंजा. जिथे खाण्यापिण्याची सोय चांगली, तिकडे पळतो. गेल्या मोसमात तर एकाच वेळी दोघींकडे होता!’’

‘‘दोघींकडे!’’ मामा.

‘‘दोघींची भांडणं झाली, मैदानात! पण हा एवढा गोड, की दोघींना सांभाळलं. आणि दुसरं, त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. नको तिथे आधीच घुसलेला असतो. पकडला गेला की हात वर करून असा साळसूद चेहरा करतो, की बघणाऱ्याला वाटावं, याच्यासारखा गरीब दुसरा नाही!’’

पडद्यामागून पळी फेकल्याचा आवाज आला.

‘‘आणि अजून एक,’’ मी आता रंगात आलो होतो. ‘‘सगळी मेहनत दुसरे करतात. हा शेवटच्या क्षणी येतो, काम उरकतो आणि शर्ट काढून पळत सुटतो!’’

विनायकची आई रडायलाच लागली. बाबा भिंतीकडे बघत होते. मामा उठले, त्यांनी छत्री काखेत मारली. ‘‘ताई, चल. ज्या घराला हे सगळं माहीत असून चालतं, त्या घरात आपण पाणी प्यायलो तेवढं पुरे. आणि तुझ्या दिवट्याला घरी गेल्यावर बघतो!’’

मी म्हणालो, ‘‘अहो थांबा, मी अजून गुणांवर आलोच नाही!’’

आणि दारात विनायक उभा! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर ते प्रसिद्ध साळसूद हसू. त्याने पुडा पुढे केला आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

‘‘पहाटं कुटं जातस रं? सांग! कुटं जातस?’’

‘‘प्रॅक्टिसला! आई, काय झालं काय?’’

‘‘प्रॅक्टिस! पोरींच्या मागं धावायची प्रॅक्टिस? ह्या आत्याबायनी सगला सांगितलान!’’

विनायकने आत्याकडे बघितलं. आत्याने विनायककडे बघितलं.

‘‘ह्यो कोन?’’ आत्याने विचारलं.

‘‘हाच तो विन्या!’’ मामा गरजले. ‘‘गव्हाणचा विन्या!’’

आत्याने त्याला चिखलापासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. ‘‘ह्यॅ! कायतरीच काय! विन्याला तर मी सकाळी कापला. त्यो पातेल्यात हाय.’’

बाबा पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. ‘‘हिरा, तू काय केलंस?’’

माझ्या डोक्यात मात्र सगळं एकदम लख्ख झालं. आणि खरं सांगतो, बहिणीचं लग्न मोडतंय हा विचार दुसरा आला. पहिला आला तो, ‘अरे देवा, आत्याने माझा सेंटर फॉरवर्ड कापला!’

‘‘कोंबडा!’’ मी ओरडलो. ‘‘विन्या कोंबडा आहे! म्हणजे हा नाही, तो! म्हणजे आत्याने सांगितलं ते कोंबड्याचं, मी सांगितलं ते फुटबॉलचं! दोघी म्हणजे दोन टीम!’’

‘‘कोंबड्याला विनायक नाव?’’ मामा हसले. ‘‘पुरावा काय?’’

पुरावा उकळत होता. मसाल्यात पडलेल्या कोंबड्याचं नाव सिद्ध करायचं कसं? पण बाकीचा संघ शाबूत होता! मी परसात धावलो, खुराडं उघडलं आणि तांदळाची मूठ भरून बैठकीच्या लादीवर फेकली. दहाच्या दहा खेळाडू घरात घुसले! मामा छत्रीसकट दिवाणावर चढले. एका कोंबड्याने मिठाईच्या पुड्यात तोंड घातलं. बाबांनी पाय वर घेतले आणि सवयीने ‘‘दर्शू, अगं, सुन्या, हाकल!’’ म्हणाले.

विनायक मात्र उकिडवा बसला आणि एकटक बघायला लागला. एक कोंबडा मान खाली घालून धावत आला, तांदूळ ओलांडून पुढे गेला आणि कपाटावर आदळला.

‘‘थांबा!’’ विनायक म्हणाला. ‘‘हा... हा बाबल्या काय?’’

‘‘बाबल्या!’’ मी म्हणालो.

‘‘आणि हा दारात आडवा झालाय, हा इम्त्या! अरे, इम्त्याच! गोल सोडून मेला कधी पुढे आलाय? आणि तो बोंबलतोय तो पंढरी! आई, बघ, कोणी हात तरी लावलाय काय त्याला?’’

विनायकच्या आईने डोळे पुसले. बाबल्या तिच्याकडे कितीदा जेवून गेलेला. ती वाकून बघू लागली. कपाटाला आपटलेला कोंबडा उठला, अंग झाडलं आणि जसं काही घडलंच नाही अशा तोऱ्यात उलट्या दिशेने धावत सुटला. ‘‘अगो बाय माजे,’’ ती म्हणाली, ‘‘सेम बाबल्या गो!’’ आणि ती जी हसत सुटली, ती खालीच बसली. आत्याही हसायला लागली. ती कशाला हसत होती हे तिला अजून कळलेलं नव्हतं, पण हसण्याच्या बाबतीत आमची आत्या कारणासाठी अडून राहत नाही.

मामा दिवाणावरून म्हणाले, ‘‘ते ठीक आहे. पण माझ्या भाच्याचं नाव कोंबड्याला देणं, हा अपमान आहे!’’

‘‘मामा, काय अपमान!’’ विनायक म्हणाला. ‘‘दहा वर्षांतले अकरा, त्यात मी सेंटर फॉरवर्ड! आजवर कोणी एक शाल-नारळ दिला नाही मला!’’ मग जरा चाचरत त्याने आत्याला विचारलं, ‘‘पण आत्या, अकरांत मलाच का कापलात?’’

‘‘वजनाला तूच भरलास, बाला,’’ आत्या म्हणाली.

मामा तरी दिवाणावरून उतरेनात. बहुतेक कोंबड्यांना भीत होते, पण तोरा असा, की तत्त्वासाठी उभे आहेत. ‘‘काही असो. आम्ही सहज आलो होतो, सहज निघतो.’’

पडदा सरकला आणि दर्शू बाहेर आली. न बोलावता. गालाला पीठ, हातात झारा.

‘‘मामा, तुम्ही सहज आलेला नाहीत आणि मी सहज साडी नेसलेली नाही. मला विनायक आवडतो. तो खरंच कोंबडा असता ना, तरी मी त्यालाच हो म्हटलं असतं.’’

‘‘अगं पण आषाढात असं बोलायचं नसतं!’’

‘‘मग तुम्ही ऐकू नका.’’

विनायकची आई उठली, दर्शूच्या गालाचं पीठ तिने पदराने पुसलं आणि मामांना म्हणाली, ‘‘दादा, खाली उतर. मना पोर पसंत हाय. तू श्रावणात ऐक.’’

मला कोणी विचारत नव्हतं, पण माझेही डोळे पाणावले. दर्शू त्या क्षणी एवढी सुंदर दिसत होती, की मी तिला छत्री धरायला नेलं होतं याचा मला अभिमान वाटला. मग तिने झारा माझ्या दिशेने रोखला आणि मी कोंबडे हाकायला लागलो.

पानं मांडली तेव्हा नवाच पेच! विनायकची आई ताटासमोर बसली, पण हात पुढे करीना. ‘‘पोराच्या नावाचा कोंबडा. घशाखाली उतरायचा कसा?’’ आईने कपाळाला हात लावला, पण आत्याने क्षणात तोड काढली.

‘‘त्याचं नाव बदलू. रेफरी म्हना त्याला. रेफरीला समदीच खातात.’’

ही सूचना एकमताने मंजूर झाली. पाहुण्यांनी दोन दोनदा रेफरी वाढून घेतला. मामांनी तर रेफरीचं काळीज मागून घेतलं. फक्त विनायक म्हणाला, ‘‘डावी तंगडी मला द्या. ती माझीच आहे, दुसऱ्याला कशी देऊ?’’ आणि त्याने ती मिटक्या मारत खाल्ली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागलं आणि हळदीला नाचताना खरा बाबल्या मान खाली घालून मांडवाबाहेर निघून गेला, पण ते पुढचं.

जेवण झाल्यावर सगळे मागच्या पायरीवर हात धुवायला जमलो. मामांचं पोट भरलं होतं, त्यामुळे मनही निवळलं होतं. त्यांनी पान जुळवत परसात नजर फिरवली.

‘‘सगळ्यांची नावं झाली. मग आमच्या सुनीलरावांच्या नावाचा कोंबडा कुठला?’’

मी विनयाने हसलो. ‘‘नाही हो मामा, मी कसला खेळाडू! मी आपला निवड समिती...’’

‘‘हाय ना!’’ आत्या म्हणाली. ‘‘सुन्या पन हाय! कोंबडा नाय, कोंबडी हाय. ती बगा, टोपलीत. खुडूक बसलीय. अंडा देत नाय, जागची हालत नाय आन् दिसभर दुसऱ्यांवर खेकसते.’’

मी मान वाकडी करून त्या कोंबडीकडे रागाने पाहिलं. तिनेही मान वाकडी करून माझ्याकडे रागाने पाहिलं.

‘‘अगो बाय,’’ विनायकची आई म्हणाली, ‘‘सेम सुन्या गो!’’